कर्सर जिथे, क्वेरी तिथे, पण कुठली?

डेटाबेसवर रोज काम करणाऱ्या कुणाच्याही स्क्रीनवर डोकावलंत तर एक लांबच लांब फाइल दिसेल. तिच्यात आज सकाळचं सिलेक्ट (माहिती दाखवायचा हुकूम) असतं, गेल्या महिन्यात साहेबांना एक आकडा हवा होता म्हणून केलेला जॉइन (दोन टेबलं जोडणारा हुकूम) असतो, मधेच एखादं अपडेट, आणि त्याच्याखाली ‘सध्या चालवू नका’ असा शेरा मारून ठेवलेलं डिलीट. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी ही फाइल वाढत जाते. नवं पान कुणी उघडत नाही, जुनं कुणी पुसत नाही.

आता यातली एकच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला एक हुकूम, चालवायची आहे. जुनी रीत अशी, की ती माउसने निवडायची आणि एफ5 दाबायचं. निवडलं असेल तेवढं चालतं. काहीच निवडलं नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओसारख्या टूलमध्ये अख्खी फाइल चालते, त्या डिलीटसकट. म्हणून ही सोय आली: कर्सर हव्या त्या क्वेरीत कुठेही ठेवा, कंट्रोल-एंटर दाबा, तेवढीच क्वेरी चालेल. डीबीव्हर, डेटाग्रिप, मायएसक्यूएल वर्कबेंच, ओरॅकलचं एसक्यूएल डेव्हलपर, सगळ्यांत ती आहे. आमच्या टीमच्या आतल्या वापरासाठी मी असंच एक टूल लिहिलं, तेव्हा हे मला एका दुपारचं काम वाटलं होतं. महिना गेला.

‘तेवढीच’ या शब्दात सगळी गोम आहे. तेवढीच म्हणजे कुठून कुठपर्यंत?

त्याआधीच्या नोकरीतली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला एका ग्राहकाच्या चुकून पडलेल्या पावत्या काढायच्या होत्या. क्वेरी त्याने बरोबर लिहिली होती, फक्त डोळ्यांना बरं दिसावं म्हणून मधे एक ओळ मोकळी सोडली होती. (कोड इथे देवनागरीत लिहितोय, रोज लिहिणाऱ्याला ओळखू येईल.)

डिलीट फ्रॉम पावत्या

व्हेअर ग्राहक_आयडी = 4172;

त्या टूलने मोकळी ओळ म्हणजे क्वेरीचा शेवट असं धरलं. कर्सर पहिल्या ओळीवर होता. सर्व्हरकडे गेलं ते एवढंच: डिलीट फ्रॉम पावत्या. खाली हिरव्या अक्षरांत उमटलं, ‘यशस्वी, 81,306 रेकॉर्ड’. टूल खोटं बोलत नव्हतं. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यामुळे दिवसभराच्या पावत्या कागदावरून पुन्हा भरण्यात आमचा शनिवार गेला. ‘ध’चा ‘मा’ करायला निदान आनंदीबाई लागली असं सांगतात. इथे एका मोकळ्या ओळीवर भागलं.

असं होऊ शकतं त्याचं मूळ एसक्यूएलच्या, म्हणजे क्वेऱ्या ज्या भाषेत लिहितात तिच्या, वाक्यरचनेत आहे. हाच हुकूम मराठीत देऊन बघा: ‘पावत्यांमधल्या, 4172 नंबरच्या ग्राहकाच्या, तेवढ्या काढून टाक.’ हे वाक्य कुठेही तोडा. ‘पावत्यांमधल्या’ एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा तुमच्या तोंडाकडे बघत राहील, कारण करायचं काय ते अजून कळलेलंच नाही. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि तोवर मर्यादा सांगून झालेली असते. एसक्यूएल 1970च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली ती इंग्रजी वाक्याच्या चालीवर. आधी हुकूम, मग टेबल, आणि कुणापुरता हा हुकूम ते सगळ्यात शेवटी. त्यामुळे शेपूट तुटलं तरी उरलेलं धड व्याकरणाने शुद्ध राहतं. नुसतं शुद्धच नाही, मूळ वाक्यापेक्षा कितीतरी घातक होतं.

माझ्या मते ही सोय बनवताना पाया म्हणून हीच गोष्ट धरावी. टूलचा अंदाज दोन बाजूंनी चुकू शकतो: क्वेरी कमी पाठवली जाईल किंवा जास्त. या दोन चुका सारख्या नाहीत. कमी गेली तर ती निमूट चालते आणि व्हेअर, म्हणजे कुणापुरता ते सांगणारा भाग, मागे राहतो. जास्त गेली, म्हणजे पहिल्या क्वेरीच्या शेवटचा सेमीकोलन (;) विसरल्यामुळे पुढचीही तिला चिकटली, तर बहुतेक वेळा सर्व्हर व्याकरणाची चूक दाखवून सगळंच परत पाठवतो. लाल ओळ येते, माणूस वैतागतो, सेमीकोलन टाकतो. वैताग परवडला. तेव्हा शंका असेल तिथे टूलने क्वेरीची हद्द लांब धरावी, आखूड नाही. मोकळ्या ओळीवर तोडणं हे याच्या बरोबर उलटं आहे. डीबीव्हरमध्ये मोकळी ओळ म्हणजे शेवट मानायचा की नाही यासाठी सेटिंगच आहे: नेहमी, कधीच नाही, किंवा परिस्थिती बघून. आमच्या टूलमध्ये मी हे सेटिंग ठेवलंच नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसपुरता मात्र हा नियम लंगडा पडतो. तिथल्या बोलीत बहुतेक ठिकाणी सेमीकोलन लागतच नाही. एका ओळीत सिलेक्ट आणि पुढच्या ओळीत डिलीट, मधे काहीही चिन्ह नसताना, एकत्र पाठवलं तर सर्व्हर ती दोन स्टेटमेंट (वेगळे हुकूम) समजतो आणि दोन्ही चालवतो. तिथे नुसत्या चिन्हांवर भागत नाही. व्याकरण समजणारा पूर्ण पार्सर लागतो, आणि तो नसेल तर ही सोय त्या डेटाबेससाठी न देणं शहाणपणाचं.

बाकीच्या डेटाबेसमध्ये तरी सेमीकोलन शोधला की काम झालं का? मला तसंच वाटलं होतं. फाइल सेमीकोलनवर तोडायची आणि कर्सर कुठल्या तुकड्यात आहे ते बघायचं, चार ओळींचा कोड. मग एका मुलीने अशी क्वेरी चालवली ज्यात पत्ता होता, आणि पत्त्याच्या अवतरणचिन्हांत सेमीकोलन होता. ‘शनिवार पेठ; पुणे’. झाले दोन तुकडे. अवतरणातला सेमीकोलन हा सेमीकोलन नव्हे, शेऱ्यातलाही, म्हणजे फक्त माणसांसाठी लिहिलेल्या टिपेतलाही, नव्हे. आणि शेरा कुठे सुरू होतो हेही प्रत्येक डेटाबेसचं वेगळं. ‘5--2’ असं लिहिलं तर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लेखी 5 नंतर शेरा सुरू झाला. मायएसक्यूएलला शेऱ्यासाठी दोन रेघांनंतर मोकळी जागा लागते, त्यामुळे तो याचं उत्तर 7 देतो. पोस्टग्रेसमध्ये शेऱ्याच्या पोटात शेरा चालतो, मायएसक्यूएलमध्ये नाही.

फंक्शन, म्हणजे नाव देऊन साठवलेला हुकमांचा संच, लिहायला घेतलं की आणखी मजा. पोस्टग्रेसमध्ये फंक्शनचा अख्खा मजकूर दोन डॉलरचिन्हांच्या जोडीत गुंडाळतात आणि आत कितीही सेमीकोलन असू शकतात. बरं, डॉलर सांभाळले म्हणून सुटलात असंही नाही. 2021मध्ये आलेल्या पोस्टग्रेस 14पासून फंक्शनचा मजकूर डॉलरशिवाय, ‘बिगिन ॲटॉमिक’ आणि ‘एंड’ यांच्यामध्येही लिहिता येतो, आतले सेमीकोलन उघड्यावर. मायएसक्यूएलमध्ये ‘डिलिमिटर’ लिहून शेवटाचं चिन्हच बदलतात. ओरॅकलमध्ये ब्लॉक संपला हे सांगायला वेगळ्या ओळीवर एकटी तिरपी रेघ, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘गो’. यातल्या ‘डिलिमिटर’ आणि ‘गो’ या गोष्टी सर्व्हरला माहीतही नसतात. त्या टूलने स्वतःसाठी पाळायच्या खुणा आहेत, आणि एका टूलची फाइल दुसऱ्यात उघडली की त्या निरर्थक ठरू शकतात.

म्हणून आपला पार्सर कधीतरी चुकणार हे मान्य करून त्याच्यामागे दुसरी भिंत उभी करायची. ती भिंत फुकट मिळते, हे मला उशिरा कळलं. पोस्टग्रेसशी बोलायच्या दोन पद्धती आहेत. साध्या पद्धतीत एका निरोपात पाच स्टेटमेंट कोंबली तरी सर्व्हर पाचही चालवतो. विस्तारित पद्धतीत एका निरोपात एकच स्टेटमेंट चालतं, दुसरं दिसलं की सर्व्हर सगळा निरोप नाकारतो. मायएसक्यूएलमध्येही एका निरोपात अनेक स्टेटमेंट पाठवायची मुभा क्लायंटने मुद्दाम मागावी लागते. कर्सरवाल्या बटणासाठी विस्तारित पद्धत वापरायची आणि मायएसक्यूएलकडे ती मुभा मागायचीच नाही. मग टूलने दोन क्वेऱ्यांना एक समजून पाठवलं, तरी सर्व्हरच म्हणतो, ‘एक म्हणाला होतास, ही दोन आहेत.’ हद्द लांब धरण्याची हिंमत होते ती या भिंतीच्या जिवावर.

आखूड क्वेरीसाठी अशी भिंत नाही. मायएसक्यूएलमध्ये थोडीफार आहे. त्याच्या कमांड लाइनला एक सुरक्षित पर्याय देता येतो, ज्यात अपडेट-डिलीटच्या व्हेअरमध्ये की कॉलम (रेकॉर्ड शोधायचा खास रकाना) किंवा मग लिमिट (जास्तीत जास्त किती रेकॉर्ड ते) असल्याशिवाय हुकूम चालत नाही. या पर्यायाचं दुसरं अधिकृत नाव ‘आय-ॲम-अ-डमी’ असं आहे, म्हणजे ‘मी बावळट आहे’. वर्कबेंचमध्ये हेच संरक्षण आधीपासून चालू असतं आणि एरर 1175 बघून चिडलेले लोक पहिलं काम ते बंद करण्याचं करतात. नाव बदललं असतं तर कदाचित कमी लोकांनी बंद केलं असतं.

मग आखूड क्वेरी थांबवणार कोण? समोर बसलेला माणूस. पण त्याला आधी दिसलं तर. कर्सर हलला की टूलला जी क्वेरी वाटते तिच्याभोवती लगेच फिकट चौकट यायला हवी, कंट्रोल-एंटर दाबण्याआधी. पोस्टग्रेससाठीच्या पीजीॲडमिन या टूलच्या नव्या आवृत्त्यांत कर्सरखालची क्वेरी अधोरेखित होते. डेटाग्रिपमध्ये कर्सर आतल्या सबक्वेरीत, म्हणजे क्वेरीच्या पोटातल्या क्वेरीत, असेल तर आतली चालवू की बाहेरची अशी यादीच समोर येते. माझ्या त्या सहकाऱ्याच्या स्क्रीनवर चौकट असती आणि ती ‘व्हेअर’च्या आधीच संपलेली दिसली असती, तर आमचा शनिवार वाचला असता.

इथे एक चूक मी स्वतः केली. चौकट काढणारा कोड आणि क्वेरी पाठवणारा कोड वेगवेगळे लिहिले. चौकट टायपिंग थांबल्यावर पाव सेकंदाने हलायची, म्हणजे झटपट टाइप करून लगेच कंट्रोल-एंटर मारणाऱ्याला चौकट दिसायची जुन्या मजकुराची आणि चालायची नव्या मजकुराची क्वेरी. चौकट खोटी बोलायला लागली तर ती नसलेली बरी. आता हद्द एकदाच काढली जाते आणि तिच्यासोबत मजकुराच्या आवृत्तीचा नंबर असतो. कळ दाबताना हा नंबर जुळला नाही तर हद्द पुन्हा काढायची, चौकट हलवायची आणि त्या दाबण्यावर काहीही चालवायचं नाही. दुसऱ्यांदा दाबावं लागतं, लोकांना ते क्वचितच जाणवतं.

दुसरी चूक जास्त गमतीची, आणि ती मराठीत शेरे लिहिणाऱ्यालाच सापडली असती. तक्रार अशी आली: ‘माझ्याकडे कधीकधी वरचीच क्वेरी चालते.’ इतर कुणाकडे होत नव्हतं. त्याच्या फाइलमध्ये प्रत्येक क्वेरीवर शेरा होता, ‘-- पुण्याचे जुने ग्राहक’ अशा धर्तीचा, देवनागरीत. ब्राउझरमधला एडिटर कर्सरची जागा मोजतो यूटीएफ-16 या अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या एककांत, त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एक धरलं जातं. आमचा पार्सर मोजत होता यूटीएफ-8 या दुसऱ्या पद्धतीचे बाइट, त्यात तेच चिन्ह तीन बाइटचं. ‘पुण्याचे जुने ग्राहक’ यात काना, मात्रा, हलंत सगळं धरून, पण मधल्या मोकळ्या जागा सोडून, 18 चिन्हं आहेत. एडिटर म्हणतो 18, पार्सर म्हणतो 54. एका शेऱ्यामागे 36चा फरक, आणि फाइलमध्ये असे दहा शेरे. एडिटरने सांगितलेला आकडा पार्सर बाइट समजून मोजायचा, त्यामुळे त्याचं बोट दरवेळी खऱ्या जागेच्या वर पडायचं. नुसत्या इंग्रजी फाइलींवर चाचण्या घेतल्या होत्या, तिथे दोन्ही मोजमापं जुळतात. आता चाचणीच्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक मराठी शेरा आणि एक इमोजी असतो. इमोजी अशासाठी, की तो यूटीएफ-16मध्ये दोन एककं खातो आणि यूटीएफ-8मध्ये चार बाइट, म्हणजे ज्याने ‘तीनने भागू’ असा जुगाड केला असेल तोही पकडला जातो.

कर्सर नेमका दोन क्वेऱ्यांच्या मधे असेल तर काय करायचं? सेमीकोलनला चिकटून, त्याच्या लगेच पुढे असेल तर मागची क्वेरी, कारण बोटांनी नुकताच तो सेमीकोलन टाइप केलेला असतो. एकाच ओळीवर दोन क्वेऱ्या असल्या तरी हाच नियम. क्वेरीच्या डोक्यावरच्या शेऱ्यात असेल तर खालची क्वेरी. आणि दोन क्वेऱ्यांमधल्या मोकळ्या ओळीवर असेल तर काहीच नाही. जवळची कुठली ते शोधत बसायचं नाही, चौकट नाही म्हणजे क्वेरी नाही.

निवडलेल्या मजकुराचं दुखणं निराळं. काही निवडलेलं असेल तर कर्सर विसरून तेवढंच चालवायचं, हा रिवाज सगळीकडे आहे आणि तो मोडून चालणार नाही, लोकांच्या हातात बसलाय. पण माउस थोडा आधी सुटला की व्हेअर बाहेर राहतो, म्हणजे पुन्हा तोच शुक्रवार. आम्ही एवढंच बघतो: निवडीची सुरुवात किंवा शेवट एखाद्या क्वेरीच्या पोटात पडतोय का? पडत असेल आणि ती क्वेरी बदल करणारी असेल तर थांबायचं, बाहेर राहिलेला तुकडा लाल रंगात दाखवायचा आणि विचारायचं. सबक्वेरी मुद्दाम निवडून चालवणाऱ्यांना त्रास नको म्हणून साध्या सिलेक्टला विचारत नाही.

‘बदल करणारी’ हे पहिल्या शब्दावरून ठरवू नका, एवढं मात्र सांगून ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये ‘विथ’ने सुरू होणाऱ्या क्वेरीच्या पोटात डिलीट असू शकतं. ‘एक्सप्लेन’ क्वेरी कशी चालेल याचा नुसता आराखडा दाखवतो, पण ‘एक्सप्लेन ॲनालाइज’ ती क्वेरी खरोखर चालवतो, डिलीट असेल तर डिलीटसुद्धा. आणि निरागस दिसणारं सिलेक्ट एखादं फंक्शन बोलावतं, जे आत काय उद्योग करतं ते फक्त सर्व्हरला माहीत. जिथे नुसतं बघायचं आहे तिथे ट्रान्झॅक्शनच (एकत्रच पक्के किंवा रद्द होणाऱ्या हुकमांचा गट) ‘रीड ओन्ली’, म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, उघडावं आणि राखणदारी सर्व्हरवर सोपवावी.

आता सगळ्यांचा लाडका उपाय, ‘नक्की करायचं का?’ विचारणारी खिडकी. घाटात ‘अति घाई संकटात नेई’ची पाटी असते, ती बघून कुणी ब्रेक दाबल्याचं मला आठवत नाही. रोज वीस वेळा विचारलं की बोट आपोआप ‘होय’वर जातं. आमच्याकडे प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या चालू डेटाबेसवर, बदल करणारी क्वेरी आधी ट्रान्झॅक्शनमध्ये चालते, आणि मग पट्टी येते: ‘81,306 रेकॉर्ड बदलले. कमिट की रोलबॅक?’ म्हणजे पक्कं करू की मागे घेऊ? 3 रेकॉर्ड अपेक्षित असताना पाच आकडी संख्या दिसली की झोपलेला माणूसही जागा होतो. त्याची किंमतही आहे. तोवर ते रेकॉर्ड कुलूपबंद असतात, आणि पट्टी तशीच ठेवून कुणी चहाला गेलं तर बाकीचे ताटकळतात. म्हणून दोन मिनिटांत उत्तर नाही आलं तर रोलबॅक. शिवाय मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये टेबलच्या रचनेला हात लावणारे हुकूम स्वतःहून कमिट करून मोकळे होतात, तिथे ही पट्टी दाखवणं म्हणजे फसवणूक. त्यांच्यासाठी टेबलचं नाव टाइप करायला लावतो.

आणखी एक बारीक गोष्ट. कंट्रोल-एंटर दाबून ठेवलं तर कळफलक तीच कळ पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. एका इन्सर्टचे सात रेकॉर्ड झाले तेव्हा हे लक्षात आलं. दाबून धरलेल्या कळीचे पुढचे इशारे आता सोडून देतो.

चाचणी मात्र शेवटी अगदी सरळ निघाली. प्रत्येक नमुना फाइलमध्ये कर्सर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकेक घर सरकवायचा आणि प्रत्येक घरी टूलला विचारायचं, कुठली क्वेरी? उत्तर हाताने आखून ठेवलेल्या क्वेऱ्यांपैकी एक तंतोतंत यावं किंवा ‘कुठलीच नाही’ असं यावं. अर्धीमुर्धी क्वेरी एकदाही आली की चाचणी नापास. पावत्यांची ती क्वेरी, मधल्या मोकळ्या ओळीसकट, नमुन्यांत पहिली आहे.

टूल वापरणाऱ्यांकडून सध्या एकच तक्रार येते: दोन क्वेऱ्यांमधल्या मोकळ्या ओळीवर कर्सर असला की कंट्रोल-एंटर काहीच करत नाही, निदान वरची तरी चालवायला हवी. महिन्यातून एकदा कुणीतरी विचारतंच. गेल्या वेळी विचारलं ते शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता. सोमवारी बघू म्हणालो.